एकोणीस नंबरचा आवाज

उकर्डा मिस्त्री ऐकत असला की लगेच ओळखू येई. मान डावीकडे कलायची, खालचा ओठ पुढे यायचा आणि डोळे अर्धे मिटायचे. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी मध्येच थबकते ना, तसा तो थबकायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नसे. हात वर करून तो समोरच्याला गप्प करी, मग समोर मामलेदार असो की वकील. मी वकील होतो आणि गप्प बसायची मला सवय नव्हती. एका बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात मी त्याला उद्देशून एक वाक्य बोललो. ते आठवलं की अजून वाटतं, त्या दिवशीही त्याने हात वर करून मला गप्प केलं असतं तर बरं झालं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी वकिली चिखलीत चालायची, तारखांना बुलढाण्यालाही जावं लागे. त्याच सुमारास आमच्या इथल्या जिनिंग फॅक्टरीचा जुना मॅनेजर गाव सोडून निघाला आणि त्याची विलायती गाडी मी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, लांब नाकाची. उभी असली की मोठी देखणी दिसायची, पण चालू केली की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. दारं खडखडत, बॉनेट थरथरे, पायाखालचा पत्रा घुमे आणि इंजिन तर आपल्या मांडीवरच ठेवलंय असं वाटे. गावाने तिचं बारसं केलं, 'वकिलाची जिनिंग'. बाररूममधले एक ज्येष्ठ वकील म्हणत, "याच्यापेक्षा याची गाडी जास्त युक्तिवाद करते, आणि तिचं म्हणणं निदान लांबून कळतं." मी सगळ्यांबरोबर हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो.

उकर्डाचं नाव मला फॅक्टरीतल्या कारकुनाने सांगितलं. मिस्त्रीची उमेदीची वर्षं तिथेच फिटर म्हणून गेली होती. वीस-बावीस यंत्रं एका वेळी धडधडत असताना नेमक्या कुठल्या यंत्राचा पट्टा ढिला झालाय, हे तो दारात उभा राहून सांगत असे म्हणे. आता फॅक्टरीच्या मागच्या जागेत त्याची स्वतःची पत्र्याची शेड होती. खामगावपासून जालन्यापर्यंतचे लोक त्याच्याकडे ट्रक, इंजिनं, पिठाच्या गिरण्या 'ऐकवायला' आणत. दुरुस्त करायला दुसरे मिस्त्री होते, पण दुखतंय कुठे हे सांगायला उकर्डाच लागे.

आधीची तीन मुलं दगावली म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि कोणाचं तरी टाकलेलं पोर उचलावं तसं परत उचलून आणलं. आमच्याकडे ही रीतच आहे, म्हणून गावोगाव एखादा तरी उकर्डा सापडतो. या नावाची मी एकदा थट्टा केली तर तो म्हणाला, "फेकलेल्याले देव नेत नाई आन चोरही नेत नाई. नाव बरं हाये."

मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा त्याने गाडीकडे पाहिलंही नाही.

"कोनता आवाज काढाचा हाये?" त्याने विचारलं.

"सगळेच काढा."

"सगळा आवाज कोनाचाच नसते जी. एकेक सांगा."

मला एकही धड सांगता येईना. कोर्टात उलटतपासणीत साक्षीदाराची करतो तशी त्याने माझी गत केली. मग म्हणाला, "चला, चालवा. बोलू नका." पुढची सीट रिकामी होती, पण तो मागचं दार उघडून दोन्ही सीटांच्या मधल्या पत्र्यावर आडवा झाला. खिशातून बाभळीची दीड वीतभर गुळगुळीत काठी काढली, तिचं एक टोक दातात धरलं आणि दुसरं पत्र्याला टेकवलं. कानाने ऐकू येतं त्याहून दाताने जास्त ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं होतं. दार नीट लागेना म्हणून त्याचे पाय थोडे बाहेर राहिले. जालन्याच्या रस्त्याने पाच मैल जाऊन आम्ही परत आलो. तेवढ्यात गावात बातमी पसरली की वकिलाने गाडीतून कोणाचं तरी प्रेत नेलं.

परत आल्यावर त्याने एक डबा आणला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचा काळा रंग होता त्यात. काडी बुडवून बुडवून त्याने दाराच्या आत, बॉनेटखाली, पायाखालच्या पत्र्यावर, मागच्या सीटखाली आकडे टाकले. एकपासून एकोणीसपर्यंत. प्रत्येक आवाजाला एक आकडा.

"एकोनीस हायेत," तो म्हणाला. "आनखी एक व्हता, पन तो मी धरला नाई."

"का?"

"तो तुमचा हाये. गेर टाकताना तुमी दात खाता."

काम महिनाभर चाललं. त्याची पद्धत अशी की एका दिवशी एकच आवाज. तो गेला की त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि मगच वरून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, किंवा गोणपाट चिकटवायचं. डावीकडच्या दारातल्या एका नंबरचा पत्रा उघडला तेव्हा त्याच्या पोटात शिवताना बोटात घालायचं चांदीचं टोपण सापडलं, मॅनेजरच्या बाईंचं. मी ते खिशात टाकणार होतो. त्याने फॅक्टरीतून पत्ता आणवला आणि मला ते पोस्टाने पाठवायला लावलं. "ज्याचा आवाज त्याले द्यावं," म्हणाला.

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो त्याला पेडलांसाठी, तारांसाठी भोकं असतात. मी समजत होतो की जाड गादी अंथरली की काम झालं. त्याने मला पत्र्यामागे कंदील धरायला लावला आणि पुढून दाखवलं, जिथून जिथून उजेड येत होता तिथून तिथून आवाज येत होता. ती भोकं त्याने मेण लावलेल्या कापडात कापूस गुंडाळून बुजवली. घुमणाऱ्या पत्र्यांवर डांबर पातळ करून गोणपाट बसवलं, त्यावर पिंजाऱ्याकडून करवून आणलेला नमदा. दारांच्या कडांना सायकलची ट्यूब कापून लावली, बॉनेट टेकतं तिथे जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे. इंजिनाच्या पायांखाली ट्रकच्या टायरचं रबर घातलं. बुटाच्या टाचेइतका तुकडा कापायला त्याला अर्धा दिवस लागे. पिंजारी, चांभार, सायकलवाला, सगळ्या गावाचं थोडं थोडं सामान त्या गाडीत गेलं.

दहा-बारा आकडे खोडून झाल्यावर मी एका रविवारी सुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन फिरायला निघालो. गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही गाडी चालवताना भाषणं करता."

"मी?"

"आताच म्हणालात, बंधुभगिनींनो. आजवर मला वाटायचं इंजिनच आहे."

मिस्त्रीला मी हे सांगितलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तो तसा हसलेला मी एकदाच पाहिला.

भाषणाची सवय मला उगाच लागली नव्हती. जिल्हा परिषदा तेव्हा नव्या नव्या आल्या होत्या आणि मला उभं राहायचं होतं. उमेदवारी कुणाला द्यायची हे आमच्या भागात आप्पासाहेब ठरवत. मोठी असामी. त्यांच्यासमोर चार शब्द बोलायची संधी मिळावी म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे होतो.

याच महिन्यात शेडमध्ये घडलेला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. गाड्यांची दलाली करणारा एक माणूस जुनी मोटार घेऊन आला. तिच्या मागच्या आसाचा गोळा, म्हणजे दातेरी चाकं ज्यात फिरतात ती लोखंडी पेटी, भयंकर रडत होता. दोन दिवसांनी गिऱ्हाईक येणार होतं. दलालाने हळूच सांगितलं, तेलात लाकडाचा भुसा घाला. मिस्त्रीने त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, बाजारात म्हाताऱ्या बैलाचे दात घासून जवान म्हनून विकतात, मालूम हाये ना? तसं हाये हे. मी आवाज काढतो. लपवत नाई." दलाल गेल्यावर मी विचारलं, भुशाने खरंच आवाज जातो का. तो म्हणाला, "जाते. दोन दिवस गाडी नवरीसारखी गप ऱ्हायते. मंग तेल फिरत नाई, सामान तापते आन एक दिवस सारं अडकते." मी ती माहिती डोक्यात ठेवली. वकिलाला ऐकलेलं वाया घालवायची सवय नसते.

अठरा आकडे खोडले गेले. एकोणिसावा मागच्या सीटखाली होता. चढावर गाडी जोर करू लागली की तिथून एक बारीक रडका सूर निघे आणि उतारावर थांबे.

"हा राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "गोळ्यातले दात झिजले हायेत, बेरिंगही गेलं हाये. सामान मुंबईहून आनावं लागन. तोवर हळू चालवा आन ऐकत ऐकत चालवा. सूर बदलला की थांबा. अठरा आवाज फालतू व्हते, हा एक तुमच्या कामाचा हाये."

मुंबईला पत्र टाकलं आणि दोनच दिवसांनी आप्पासाहेबांचा निरोप आला. ते चिखलीहून धाड गावी, तिथल्या बाजाराच्या दिवशी, सभेला जाणार होते. त्यांची स्वतःची मोटार अकोल्याला दुरुस्तीला पडली होती. वकिलाची गाडी हल्ली चांगली झाली आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी, तासाभरापेक्षा जास्त वेळ ते बसणार होते. मी लगेच मुद्दे काढायला बसलो. पण धाडच्या वाटेवर चढ आहेत, आणि प्रत्येक चढावर माझं बोलणं त्या रडक्या सुराखाली जाणार होतं. आप्पासाहेबांनी नुसतं विचारलं असतं की हे काय रडतंय, तरी मी मेल्याहून मेलो असतो.

मी शेडमध्ये गेलो. "उकर्डाजी, परवापर्यंत हाही बंद करा."

"होत नाई."

"होतं. भुसा घातला की होतं."

तो चाकाचे नट पुसत होता. पुसता पुसता थांबला. "वकीलसाहेब, ते मी तुमाले यासाठी नोतं सांगतलं."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर साफ करून टाकू."

"रोग्याचं तोंड बांधलं म्हनून रोग जाते का जी? मी जल्मात भुसा भरला नाई. मले सांगू नका."

इथे मी जे केलं ते कोणत्याही कायद्यात बसवता येत नाही, म्हणजे त्याबद्दल शिक्षाही होत नाही. फॅक्टरीच्या नव्या मालकाला मिस्त्रीची शेड हटवायची होती. तो दावा मी मिस्त्रीच्या बाजूने चालवत होतो. मी टोपी नीट केली आणि सहज आठवल्यासारखं म्हणालो, "शेडची तारीख पुढच्या महिन्यात आहे नाही का?"

एवढंच म्हणालो. आवाजही चढवला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डावीकडे कलली. कुठून आवाज येतोय हे कळल्यावर तो जसा पाहायचा, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला. मग "बरं," म्हणाला. सुताराकडून भुसा आणायला कोणाला पाठवलं नाही, स्वतः पिशवी घेऊन गेला. तेल काढून, भुसा कालवून त्याने झाकण लावलं आणि मागच्या सीटखाली नमदा बसवला. मी समोर उभा होतो, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"एक आयका," तो शेवटी म्हणाला. "आता गाडी सांगनार नाई. मले मांगं बसू द्या. मी पत्र्याले काठी लावून बसतो, मले समजन."

आप्पासाहेबांच्या पायाशी दातात काठी धरून पालथा पडलेला मिस्त्री माझ्या डोळ्यांसमोर आला. मी त्याला मागून येणाऱ्या जीपमध्ये बसवायचं कबूल केलं.

"जीपीतून मले काय आयकू येईन?" तो म्हणाला. तरीही तो आला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि खिशात ती काठी. जीपमध्ये आप्पासाहेबांचा ड्रायव्हर आणि चार कार्यकर्ते होते, त्यांच्यात अंग चोरून बसला.

गाडीने त्या दिवशी कमाल केली. चिखलीच्या बाहेर पडलो तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आप्पासाहेब म्हणाले, "वा, पाळणाच आहे की." मी घसा साफ केला, पहिला मुद्दा जिभेवर आणला आणि शेजारी पाहिलं तर ते झोपले होते. मान छातीवर, टोपी कपाळावर. महिनाभर एवढा खटाटोप करून मी जी शांतता करवून घेतली होती, तिच्यात ते गाढ झोपून गेले. त्यांना उठवायची माझी हिंमत होईना. चिडून मी गाडी जोरात हाणली. हळू चालवा असं मला बजावलेलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं.

धाड दोन मैलांवर असताना चढावर मागून एकदम कडाड आवाज झाला, चाकं अडकली आणि गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला थांबली. बाजाराला चाललेले लोक जमले. बैलगाड्या थांबल्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया थांबल्या. जीपही मागे येऊन उभी राहिली. आप्पासाहेबांचा ड्रायव्हर गाडीखाली शिरला. मिस्त्री पुढे झाला होता, पण ड्रायव्हरने त्याला हाताने बाजूला सारलं. झाकण उघडलं तसा तेलात भिजलेला भुसा धुरासकट रस्त्यावर पडला. शिऱ्यासारखा काळपट लगदा. ड्रायव्हरने तो बोटांवर घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"भुसा हाये आप्पासाहेब. गाडी मेली तरी चालेल, पन आवाज नाई आला पायजे. हे चोराचं काम हाये. कोन मिस्त्री हाये यांचा?"

कुणीतरी उकर्डाकडे बोट केलं. आप्पासाहेबांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब?" ते म्हणाले.

शंभर-सव्वाशे माणसं असतील. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं होतं. तीन शब्दांचं काम. वकिलाचा जन्म दुसऱ्याच्या वतीने बोलण्यात जातो, आणि तिथे बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी मिस्त्रीकडे वळलो आणि म्हणालो, "मिस्त्री, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

हेच ते वाक्य. आवाज चांगला खणखणीत निघाला. मागच्या बैलगाडीपर्यंत गेला असेल.

मिस्त्रीने टोपी काढली, हातात धरली. मला वाटलं आता हा सांगणार. त्याने सांगू नये असं वाटत होतं. खोटं वाटेल, पण त्याने सांगावं असंही मला आतून वाटत होतं. तो म्हणाला, "चुकलं, वकीलसाहेब."

"असल्या माणसाच्या हाती गाडी देता?" आप्पासाहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसून सभेला निघून गेले. मीही त्याच जीपमध्ये चढलो. मिस्त्री रस्त्यावर त्या लगद्याशेजारी उभा राहिला. तो घरी कसा गेला हे मी आजतागायत कोणाला विचारलेलं नाही.

उमेदवारी मला मिळाली. आप्पासाहेबांनी बैठकीत सांगितलं म्हणे, की हा माणूस मला आवडला, सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलला नाही. मी निवडूनही आलो. सत्काराला हार घालून घेताना मी हसलो, फोटोत तो हसरा चेहरा आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर सुमतीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण भुसा तर तुम्हीच भरायला लावलात ना?" मी म्हणालो, तुला राजकारण कळायचं नाही. सामान येऊन गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्त झाली. सुमती त्यानंतरही माझ्या शेजारी बसायची, पण गाडीत माझ्याशी बोलायची नाही. तिच्या बांगड्या वाजल्या तरी ऐकू येत होत्या, इतकी ती गाडी शांत होती.

उकर्डाचं नाव त्या बाजारातूनच गावोगाव गेलं. आठवडी बाजारात बसलेलं नाव निघत नाही. लोक त्याला 'भुसा मिस्त्री' म्हणू लागले. मळणीच्या दिवसांत त्याच्या शेडपुढे इंजिनांची रांग असायची, त्या वर्षी दोन-तीन आली आणि मालक कामाच्या वेळी तिथून हलले नाहीत, डोळ्यांत तेल घालून पाहत बसले. मी मनाशी ठरवलं होतं की शेडचा दावा जिंकून द्यायचा, फी घ्यायची नाही, म्हणजे फिट्टंफाट. तारखेला मी सगळी तयारी करून गेलो. तो आलाच नाही. त्याने आदल्या आठवड्यातच शेडची किल्ली मालकाच्या हातात देऊन गाव सोडलं होतं.

मग वर्षं गेली. माझी सभासदकी संपली, गाडी म्हातारी झाली आणि घरामागे उभी राहिली. शेवटी मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने मागची सीट उचकटली, उंदरांनी कुरतडलेला नमदा ओढून काढला. दारांवरचे, पायाखालचे आकडे एकेक उघडे पडत होते आणि प्रत्येकावर ती आडवी रेघ होती. एक, चार, नऊ, चौदा. सीटखालचा एकोणीसही दिसला. त्याच्यावर रेघ नव्हती.

आवाज गेला नव्हता, दाबला होता. म्हणून त्याने रेघ मारली नव्हती. तो माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून खोटं काम करत होता आणि तेव्हाही नमद्याखाली खरं लिहून ठेवत होता. आणि धाडच्या रस्त्यावर, ड्रायव्हर लगदा वर धरून उभा होता तेव्हा, सीट उचलून तो आकडा दाखवावा असं त्याच्या मनात आलं नसेल? आलं असणार. चार माणसांत वकिलाची मान खाली जाईल म्हणून त्याने दाखवला नाही. भंगारवाला पुढ्यात उभा होता आणि मी त्या पत्र्यावर हात ठेवून रडलो. लाजेने रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री देऊळगाव राजाला लेकीकडे राहतो असं कळलं. मी एस.टी.ने गेलो. स्टँडजवळच एका टपरीत तो स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. केस पार पांढरे झाले होते. एक स्टोव्ह पेटवून त्याच्याकडे मान कलती करून ऐकत होता. मला पाहून त्याने आधी हात वर केला, स्टोव्हचं ऐकून घेतलं, तो बंद केला आणि मग म्हणाला, "या वकीलसाहेब. बसा."

लेकीकडून चहा आला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी म्हणालो, "उकर्डाजी, एकोणीस नंबर पाहिला मी."

"हाव," तो म्हणाला. "तो राह्यला व्हता."

"माझी चूक होती. तुमच्यावर ढकलली मी. चारचौघांत."

त्याने स्टोव्हची पिन पुसून खाली ठेवली. "तुमी सांगतलं हे खरं हाये," तो म्हणाला. "पन भरला मी. हात माहे व्हते. शेडीच्या लोभानं भरला. मले तुमचा राग नाई जी. माहा मलेच येते."

माझ्याकडे पाठ केलेली माफीची वाक्यं होती. ती सगळी तशीच राहिली. मी म्हणालो, चिखलीत सभा घेऊन सांगतो, पेपरात देतो. तो नुसता हसला आणि म्हणाला, "तुमची गाडी लागली असन. चला, पोचवून देतो."

चिखलीची गाडी स्टँडवर सुरू होऊन उभी होती. मी चढून खिडकीपाशी बसलो. खाली मिस्त्री सवयीने गाडीच्या मागच्या बाजूला गेला, पत्र्यावर तळवा टेकवला, मान कलली. मग पुढे येऊन ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, मांगचं डावं चाक पाहून घ्या. बेरिंग बोलून राह्यलं. घाटात तरास देईन."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीत वळून विचारलं, "कोन हाये हो हा बुढा?"

पुढच्या बाकावरचा एक माणूस म्हणाला, "भुसा मिस्त्री. चिखलीकडचा. गाडीत भुसा भरत जाये म्हनते."

गाडीत हसू पिकलं. तीस-चाळीस माणसं असतील. खिडक्या उघड्या होत्या आणि मिस्त्री खाली उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. तीन शब्दांचं काम पुन्हा माझ्यासमोर होतं, आणि या वेळी मी त्याच कामासाठी आलो होतो. पुढच्या बाकावरच्या माणसाने मला ओळखून नमस्कार केला, म्हणाला, "काय वकीलसाहेब, खरं ना?" मी हातातल्या तिकिटाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

ड्रायव्हरने गाडी सोडली. मी मागे वळून पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे पाहत नव्हता. धुळीत उभा राहून, मान डावीकडे कलती करून, तो त्या मागच्या चाकाचा आवाज ऐकत होता. गाडी वळली तरी तो ऐकतच होता.